सतरावी ओळ

कारभारीचे हात गेले अकरा दिवस नुसते शिवशिवत होते. ज्या माणसाने साठ वर्षांत बांधावरचं तणसुद्धा उद्यावर टाकलं नाही, त्याला स्वतःच्याच रानातल्या दोन गुंठ्यांत हात घालायची बंदी होती. आणि बंदी घालणारी होती त्याची लेक, पौर्णिमा.

पौर्णिमा शेतीच्या कॉलेजात डॉक्टरेट करत होती. सोयाबीनवर तांबेरा पडला की पानं गळतात, शेंगा पोचट राहतात. फवारणी न करताही या रोगापुढे टिकेल असं वाण तिला काढायचं होतं. धारूरच्या डोंगरकडेला सप्टेंबरात धुकं उतरतं आणि धुक्यामागून तांबेराही येतो, म्हणून तिने बापाचंच रान धरलं. तीस ओळी पेरल्या, प्रत्येकीला नंबराची पाटी ठोकली आणि मध्ये मध्ये एक दुबळं जुनं वाण मुद्दाम घातलं. रोगाला आवतण म्हणून.

"आबा, इथं फवारा न्हाई, खत न्हाई. रोग येऊ द्यायचा," तिने बजावलं होतं. "चार वर्सं संकर करून एका ओळीवर माझी आशा हाय. बी होतं तेवढं सगळं पेरलंय, दुसरीकडं कुठंच न्हाई."

"कंची ओळ?"

"ते न्हाई सांगणार. सांगितलं की तुमी हळूच तिच्या बुडात शेणखत घालताल."

चुलीपुढे बसलेली त्याची बायको मनकर्णा खुदकन हसली. कारभारीला राग आला, कारण पोरीने त्याला बरोबर ओळखलं होतं.

अकरा दिवसांपूर्वी रोग आला, आणि चांगला आला. शेजारचा उत्तरेश्वर रोज बांधावरून टोमणा मारी, "काय बे कारभारी, लोक रोग जावा म्हणून नारायणगडाला जातेत, तू आणायला गेलतास का? हात दाखवून अवलक्षण म्हणतेत ते हेच!" कारभारी त्याच्याकडे पाठ करी. पण सकाळी अर्धा चहा टाकून तो त्या दोन गुंठ्यांच्या कडेला जाऊन उभा राही, दुपारी पुन्हा, दिवस मावळायच्या आत पुन्हा. दोनदा तर तो पंप पाठीवर घेऊन निघाला आणि दोनदा परत फिरला. पोरीला शब्द दिला होता.

बहुतेक ओळींवरचे डाग फिकट, मातकट होते, लांबून कळतही नव्हते. सतरा नंबरची ओळ मात्र बघवत नव्हती. पानापानावर लालसर काळपट ठिपके, चुलीतल्या ठिणग्या उडाल्यासारखे. त्या ओळीने कारभारीची झोप उडवली. पोरीची आशेची ओळ कुठली का असेना, ही अवदसा तिला बुडवणार, असं त्याच्या मनाने घेतलं. रोगट झाड उपटावं आणि बांधाबाहेर टाकावं, हे त्याला बापाने शिकवलं होतं. पोरीने फवारा नको म्हटलं होतं, खत नको म्हटलं होतं. उपटू नका असं कुठं म्हटलं होतं?

गुरुवारी सकाळी त्याने सतराव्या ओळीची बाराही झाडं मुळासकट उपटली आणि ओढ्याकाठी नेऊन टाकली. अकरा दिवसांत पहिल्यांदा त्याचे हात शांत झाले. दुपारी तो एक भाकरी जास्त जेवला.

शुक्रवारी पौर्णिमा एसटीने आली, ती थेट रानातच. भिंग घेऊन ओळीओळीने वाकत गेली. सोळाव्या पाटीपर्यंत ती काहीतरी गुणगुणत होती.

"आबा, इथली झाडं?"

"उपटली. लई खराब झालती. समद्या रानाला लावली असती."

ती मटकन खाली बसली. रडली नाही, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. मग तिने शेजारच्या दुबळ्या ओळीचं एक पान तोडलं, उलटं केलं आणि त्याच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर घासलं. बाहीवर तांबूस भुकटी उमटली.

"हे रोगाचं बी हाय, आबा. फिकट डागांतनं हे लाखानं बाहेर पडतंय. ही झाडं रोगाला जेवू घालतेत. अन् सतरावीचे डाग लाल कावून होते? रोग जिथं शिरला तेवढी जागा झाडानं सोताच जाळून टाकली. त्याला खायला काई ठेवलंच न्हाई. म्हणून डाग पडतेत, पण भुकटी सुटत न्हाई." तिने सतराव्या पाटीवर हात ठेवला. "मी चार वर्सं त्या लाल डागांची वाट बघत होते."

कारभारीच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्या हाताने त्याने पोरीच्या पायावर धोंडा पाडला होता. तो ओढ्याकडे पळतच सुटला. तिथे उत्तरेश्वरच्या शेळ्या निवांत रवंथ करत होत्या. नऊ झाडांचे नुसते दांडे उरले होते. तळाला चिखलात दबलेल्या तीन झाडांना तेवढ्या शेंगा होत्या.

मागून आलेल्या पौर्णिमाने एक शेंग दाबून बघितली. "दाणा भरलाय, पण पुरता पिकला न्हाई. सावलीत शेंगेतच वाळू द्या. उगवलं तर उगवलं."

"तू घेऊन जा गं. माझ्यावर भरवसा ठेवू नको."

"इथलं धुकं तिकडं मिळत न्हाई," ती म्हणाली आणि झाडं त्याच्याच हातात दिली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

तीन आठवडे ती झाडं आढ्याला लटकत होती आणि कारभारीचा जीव टांगणीला लागला होता. शेंगा फोडल्या तर तेवीस दाणे निघाले, निम्मे सुरकुतलेले. पौर्णिमाने येऊन ते मातीच्या पिशव्यांत पेरले. "उकरून बघायचं न्हाई," म्हणाली आणि गेली. कारभारी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ओसरीवर बसून राही.

"अंडी उबवायलाव का?" मनकर्णा विचारी.

सहाव्या दिवशी मातीतून एक कोंब मान वर काढू लागला. तेवीसांतली एकूण पाच रोपं आली.

पण संकराचं बी ते, बापावर जाईल का मायवर, सांगता येत नाही. रोग लावल्याशिवाय कळणार नव्हतं. पौर्णिमाने दुबळ्या वाणाची दोन रोगट झाडं डब्यात जगवून ठेवायला सांगितली होती. फोनवर ती सांगत गेली तशी कारभारीने त्यांची भुकटी बोटावर घेतली आणि पाचही रोपांच्या पानांना लावली. आयुष्यभर ज्या रोगाचा दुस्वास केला, तो आज स्वतःच्या हाताने लेकरांसारख्या रोपांना लावताना तो आधी प्रत्येक पान गोंजारत होता. पाणी शिंपडून त्याने वर प्लास्टिक झाकलं आणि दुसऱ्या दिवशी काढलं.

पाचव्या दिवशी पानं कोरी. आठव्या दिवशीही कोरी. नवस त्याच्या घराने बापाच्या काळातच सोडले होते, नाहीतर त्याने रोग यावा म्हणून नवस केला असता.

दहाव्या दिवशी दोन रोपांवर फिकट, मातकट डाग आले. उरलेल्या तिन्हींवर लालसर काळपट ठिणग्या.

"पोरी, डाग पडले! तीन रोपांवर लाल डाग पडले!" तो फोनवर एवढ्यानं ओरडला की रस्त्याने चाललेला उत्तरेश्वर थबकून बघतच राहिला.

"पुसून बघा, आबा."

कारभारीने धुतलेल्या सदऱ्याची बाही ओढली आणि लाल डागांच्या पानाची मागची बाजू अलगद घासली. मग दुसऱ्या रोपाची, मग तिसऱ्याची. बाही पांढरीच राहिली. त्याचे डोळे भरून आले.

"काई लागलं न्हाई," तो कसाबसा म्हणाला. "आता काय करू? हात लावू का नको?"

पलीकडे पौर्णिमा रडत होती आणि हसतही होती.

"आता घाला तुमचं शेणखत," ती म्हणाली.