रिकामं बोंडलं

चिंचवडच्या आमच्या देवळात कीर्तनाला उभे राहिले की बुवा हमखास सांगायचे, लेकरू जगात येण्याआधी देव त्याचं दूध आईच्या अंगी ठेवून देतो. दर वेळी माझे डोळे भरायचे. पण शहात्तर साली माझ्या शेजारच्या ताहेराची बहीण बिल्किस बाळंतपणात गेली आणि मागे राहिली एवढीशी मदिना. तिचं दूध कुठं ठेवलं असेल, हे बुवांना विचारायचा मला धीर झाला नाही.

ताहेराने पोरीला आपल्या घरी आणलं. तिला पावडरचं दूध सोसेना, गाईचंही पोटात ठरेना. हातापायांच्या काड्या झाल्या. ताहेराच्या स्वतःच्या मुलाचं अंगावरचं पिणं सुटून वर्षं लोटली होती. तरी ती बिस्मिल्ला म्हणून पोरीला छातीशी धरू लागली.

चाळीतल्या सरूबाई म्हणाल्या, "आटल्या हिरीत बादली सोडून काय व्हतंय गं?"

ताहेराचा नवरा नूरमोहम्मद गाड्या दुरुस्त करायचा. तो दारातूनच म्हणाला, "मावशी, बंद गाडीपण धक्क्यानं चालू होते."

बरेच दिवस गेले, पण थेंब आला नाही.

मी पिंपरीत एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत उंदरं आणि काचसामान सांभाळायचे. तिथल्या आमच्या इंदुताई गाभण उंदरिणीच्या दूधग्रंथीचे तिळाएवढे तुकडे काचेच्या ताटलीत जगवत. त्यावर इन्सुलिन आणि कॉर्टिसोल ही दोन संप्रेरकं घातली, तर तुकडा नुसता जगे. तिसरं, प्रोलॅक्टिन, घातलं की त्यात दुधातलं प्रथिन तयार होऊ लागे. पिल्लू नाही, उंदरीण नाही, ताटलीत तिळाएवढा जीव, आणि तो दुधाच्या तयारीला लागलेला! मी मनातल्या मनात हात जोडायचे.

इंदुताईंनी मला समजावलं होतं, की दुधाची जनुकं अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतात, अगदी करंगळीतसुद्धा. तिथं ती मुकी राहतात. दूधग्रंथीत मात्र ही तिन्ही संप्रेरकं पोचली की ती जागी होतात. घरोघरी फडक्यात पोथी बांधलेली असावी आणि एकाच घरी ती उघडली जावी, तसं मला वाटलं.

न राहवून मी त्यांना ताहेराचं सांगितलं. त्या म्हणाल्या, बाळ चोखतं तेव्हा आईच्या मेंदूखालच्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन सुटतं. एकदा मूल पाजलेल्या बाईला दूध पुन्हा येऊ शकतं. मग त्यांनी विचारलं, "पण पोर भुकेली असते ना, ती जवळ घेते तेव्हा?"

मी सुट्टीच्या दिवशी ताहेराच्या घरी बसून पाहिलं. आईवेगळं लेकरू म्हणून नळावर जाता-येता प्रत्येक बाई दारात थांबायची आणि मदिनेच्या तोंडी बोंडल्याच्या टोकदार चोचीतून दोन घोट ओतून पुढं जायची. कुणी शेळीचं, कुणी पाणी घातलेलं. पोर ताहेराकडे जाई ती पेंगत. चोखायची गरजच उरत नव्हती.

हे सांगितल्यावर सरूबाई रागावल्या. "लेकराला उपाशी ठिवू व्हय? त्वा उंदरं पाळ, जा."

ताहेरा रडायच्या बेतात होती. मी सरूबाईंना म्हटलं, उपाशी नका ठेवू. बोंडलं तुमच्याच हातात असू द्या, पण धार पोरीच्या तोंडात नको. ताहेराच्या छातीवरून थेंब थेंब सोडा. थेंबाच्या ओढीनं ती चोखेल.

 दुसऱ्या दिवशी शेळीचं दूध उकळून, निववून सरूबाईच आल्या. ताहेराशेजारी मांडी घालून त्या थेंब सोडू लागल्या. इतर बायकांना त्यांनीच दारातून परतवलं. रोज, पोर रडली की सरूबाई हजर. धृपद धरावं तशी मदिना ओढ धरू लागली.

एके संध्याकाळी मी कामावरून परतून तिथं टेकले होते. मदिनेचे घुटके ऐकू येत होते. सरूबाईंनी बोंडलं तळहातावर उपडं केलं. ते कोरडं होतं. घुटके चालूच होते. पोरीच्या ओठाच्या कडेला पांढरा थेंब आला, ओघळला, त्यामागून दुसरा.

 हे दूध कुणी बाहेरून आणून घातलं नव्हतं. आपलीच पोथी ताहेराच्या अंगात मिटून पडली होती, आणि एवढ्याशा जिवानं ती उघडायला लावली होती. बुवांचं खरंच होतं. दूध ठेवलेलं असतं. फक्त ते कधीकधी मागावं लागतं.

सरूबाईंनी बोंडलं धुतलं, फळीवर पालथं घातलं आणि दाराबाहेर जाऊन नूरमोहम्मदला म्हणाल्या, "झाली रं तुझी गाडी चालू."