बहात्तरवर थांबलेला आकडा

इस्पितळाचं नेटवर्क तिच्यासोबत सांभाळणाऱ्या मामांची रीत साधी होती. संगणक आणि यंत्रं एकमेकांशी जोडणाऱ्या दोन स्विचमध्ये दुसरी केबल जोडायची, तर आधी दोन्ही टोकांना सेटिंग करून दोन्ही केबलची मोळी बांधायची, म्हणजे स्विचना ती एकच केबल वाटते. वरच्याने फोनवर विचारायचं, "बांधलं?" खालून "बांधलं" असं स्पष्ट ऐकू आलं, की मगच केबल लावायची. तोवर हाताची घडी.

आज मामा खाली होते आणि ती वर, स्विचच्या कपाटाशी. तिने विचारलं होतं. तळघरातून नुसती खरखर आली. एक वाजता भेटीची वेळ संपत होती आणि समोरच्या वॉर्डात, काचेपलीकडे, सहा नंबरच्या खाटेवर तिचे बाबा होते. कालच त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. मामांनी एव्हाना बांधलंच असेल, अशी मनाची समजूत घालून तिने केबल लावली.

एरवी निभावलंही असतं. मोळी नसली, तर स्पॅनिंग ट्री नावाचा स्विचमधला पहारेकरी दुसरी केबल आपणहून अडवतो. पण कुठलीही नवी जोडणी तो अर्धा मिनिट ताटकळत ठेवतो आणि डॉक्टर कटकट करतात, म्हणून गेल्या आठवड्यात तिनेच त्याला रजा दिली होती. तात्पुरती! तात्पुरतं किती टिकतं, हे तिला काय ठाऊक नव्हतं?

कपाटातले सगळे हिरवे दिवे एकदम पिसाळले. एका केबलने गेलेला निरोप दुसरीने परत येत होता, पुन्हा जात होता, वाढत होता. तेव्हाच केबल उपटली असती, तर तिथेच मिटलं असतं. पण कुणाला कळायच्या आत निस्तरावं म्हणून ती लॅपटॉप बडवत बसली. लॅपटॉप ढिम्म.

"सिस्टर, सहा नंबर ठीक आहेत ना?" तिने ओरडून विचारलं.

"अगं, बहात्तर ठोके. मघापासून हलले नाहीयेत. किती काळजी करशील?"

हलले नाहीयेत. तिने मान वर केली. वॉर्डातले आकडे याच तारांतून नर्सच्या स्क्रीनवर येत; त्या स्क्रीनच्या कोपऱ्यात बारा एक्केचाळीस अडकले होते आणि भिंतीवरच्या घड्याळात बारा चव्वेचाळीस.

तिने केबल ओढून काढली. दिवे शांत झाले. स्क्रीन थरथरली आणि बहात्तरच्या जागी चौतीस आले.

नर्स धावली. काचेचं दार उघडताच आतल्या यंत्राची किंचाळी बाहेर आली. ते केव्हापासून ओरडत होतं कोण जाणे. ती मात्र केबल हातात धरून तिथेच उभी राहिली.

संध्याकाळी बाबा डोळे उघडून शेजारच्या खाटेला सांगत होते, "ही आमची लेक. इथल्या सगळ्या तारा हिच्या हातात. मग मला कसली भीती?"

मामा दारात उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "पहारेकरी कुणी बंद केला होता गं?"

बाबांचा हात तिच्या हातात होता. तो अजून गार होता.

"मी," ती म्हणाली. "आणि मामा, तुमच्या उत्तराची वाटही पाहिली नाही मी."

बाबांनी हात काढून घेतला नाही. पण शेजारच्या खाटेशी ते पुढे काहीच बोलले नाहीत.