एकशिंगी गाईचं खारं दूध

सांगतो ते तुम्हाला खरं वाटणार नाही, हे आधीच बोलून ठेवतो. आमच्या अनसिंगात समुद्र आहे. इस्माईलच्या ओसरीवर, लोखंडी टेबलावर, काचेच्या पेटीत. आणि मागच्या उन्हाळ्यात त्या समुद्रातून दूध निघालं.

हसा. मीही हसलो होतो.

तोवर संध्याकाळी माणसं माझ्या ओट्यावर बसत. विहिरीत उतरून आतल्या वाटेनं थेट समुद्रावर चरायला जाणारी माझी एकशिंगी गाय ऐकायला पार जऊळक्याहून लोक येत. मग इस्माईलनं ती पेटी आणली. निळा दिवा, नारिंगी मासोळ्या, आणि दिव्याबरोबर फुलणारी, दिव्याबरोबर मिटणारी जिवंत पोवळी. गाय अर्ध्या विहिरीत असतानाच माझा ओटा रिकामा झाला.

चतुराबाई, म्हणजे आमची घरवाली, वरून मीठ चोळायला तयारच. "जा न, तुमीबी पाहून या. मासोळ्या बोलत नाहीत, म्हून लोकायले आवडतात."

गेलो. पोटात दुखत होतं, तरी गेलो. इस्माईल जन्मभर विहिरीवरच्या मोटरी वायंडिंग करणारा माणूस. बोटांना तांब्याच्या तारेचे चरे. पण पेटीपुढं उभा राहिला की नव्या नवरदेवासारखा लाजायचा.

"नानाजी, हे पोवळं आपलं घर सोताच बांधते," तो म्हणाला. "पाण्यातला चुना खाऊन. चुना सरला का मरते. म्हून रोज दोन औषधं द्या लागतात. या बाटलीत चुन्याचा क्षार, त्या बाटलीत सोडा. पण दोन्ही संगं नाही. एक सकाळी, एक रातच्याले."

"आन् तू दुकानात असला त?"

"म्हून त हे मशीन केलं."

दोन चिमुकले पंप, दोन नळ्या, एक टायमर. नळ्यांची तोंडं पेटीच्या एकाच कोपऱ्यात. त्याच्या घरी समुद्र आपोआप औषध पीत होता. माझ्या घरी बायकोला पाणी मागितलं तरी दोनदा हाक मारावी लागते. हेवा म्हणाल तर हेवा म्हणा. मी त्याला तोंड कडू होणं म्हणतो.

मग एका संध्याकाळी लाइन गेली. घटकाभरानं आली, आणि त्या कोपऱ्यातून पांढरी धार धुरासारखी खाली उतरली. पुढं बसलेल्या गोमतीबाईनं हात जोडले. "अवं माय, दूध होय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा लाइन गेली, पुन्हा दूध. तिसऱ्या दिवशी पेटीसमोर अगरबत्त्या लागल्या आणि भाऊसिंग आला.

हा भाऊसिंग कालपर्यंत तळहातावर नारळ ठेवून बोअरची जागा दाखवायचा. जिथं त्याचा नारळ उभा राहिला, तिथं फक्त धूळ निघाली. आता कपाळभर हळद, झोळीत लिंबं, आणि आवाज खर्जातला.

"ऐका भक्तहो. पाताळात खारं पाणी. त्या पाण्यात एकशिंगी गाय. तिचं वासरू राह्यलं आपल्या गावच्या विहिरीत. अंधार पडला का तिले वासराची सय येते. उजेड झाला का पान्हा सुटते."

कुठून सुचतात या लोकांना असल्या गोष्टी, देव जाणे.

इस्माईल हात जोडून सांगत होता, "भाऊ, हे दूध नाही. माझी पोवळी मरून राह्यली." कोण ऐकतो? भाऊसिंग म्हणाला, "ज्याच्या गोठ्यात गाय, त्याले फक्त शेण दिसते." मशीनवर त्यानं लाल फडकं टाकलं. हात लावाल तर पान्हा आटेल. अंधारात लोक नामस्मरण करत, लाइन आली की गजर होई. आमच्याकडे लाइन जाणं सूर्य मावळण्याइतकं पक्कं, त्यामुळे गाईनं एकही दिवस दगा दिला नाही.

दारातली आपलीच माणसं. इस्माईल त्यांना हुसकावणार कसा? कोपऱ्यातलं एक पोवळं हाडासारखं पांढरं पडलं. तो त्याच्याकडे बघत बसायचा. आणि मला, खोटं कशाला बोलू, थोडं बरं वाटायचं. मासोळ्यांकडं आता कोणीच बघत नव्हतं.

ही बसली आहे ना पोरीला मांडीवर घेऊन, ही माझी नात, राखी. तेव्हा बाळंतपणाला आली होती. अंगावर दूध कमी, पोर रात्रभर रडायची. मी घरात शिरलो तर हिच्या हातात वाटी. खाऱ्या पाण्यानं भरलेला चमचा माझ्या पणतीच्या ओठापाशी.

मी झडप घालून वाटी हिसकली.

"आबा, कायले हिसकली?" राखी रडकुंडीला आली. "भाऊसिंग महाराजानं सांगतलं, लेकराले चमचाभर पाज, आईले आपोआप उतरते."

"थे दूध नाही, बाई."

"मंग काय हाये?"

मला माहीत असतं तर सांगितलं असतं. वाटी तशीच धरून इस्माईलकडं निघालो, मागं पोरीला घेऊन राखी. ओसरीवर भाऊसिंग आणि त्याची गर्दी होतीच. इस्माईलची शाजिया वाशीमच्या शाळेत विज्ञान शिकवते. सुटीला आली होती, आणि बापाचं ते पोवळं बघून दारातच उभी होती. मी वाटी तिच्या हातात दिली. "बेटा, हे काय हाये थे सांग. सगळ्याइसमोर."

शाजियानं आवाज चढवला नाही. "महाराज, हे गाईचंच दूध न?"

"साक्षात."

"मंग तुमच्या झोळीतलं एक लिंबू द्या."

भाऊसिंग घुटमळला, पण लोक बघत होते. लिंबू आलं. गोमतीबाईच्या घरून कपभर खरं दूध आलं. शाजियानं दोन्हींत लिंबू पिळलं. खरं दूध फाटलं. पाताळातलं दूध सोडावॉटरसारखं फसफसलं आणि हळूहळू निवळलं.

"फाटलं नाही वं हे," गोमतीबाई म्हणाली.

"फाटन कसं, मावशी? ही चुन्याची भुकटी हाये, खाऱ्या पाण्यातली."

तिनं लाल फडकं उचललं. दोन्ही बाटल्यांतलं पाणी एका ग्लासात ओतलं. दोन्ही स्वच्छ, आरपार दिसणारी. एकत्र आली आणि ग्लास पांढराफेक झाला.

"मंग अंधार झाल्यावरच काहून निघते?" मागून कोणी तरी विचारलं.

"अब्बू, मेन स्विच पाडा."

पाडला. वर केला. टायमरवर नुसती शून्यं लुकलुकत होती, आणि दोन्ही पंप एकदम घरघरले. धार उतरली. गजर मात्र झाला नाही.

"लाइन गेली का हे वेळ विसरते," शाजिया म्हणाली. "आली का दोघायलेबी संगंच सुरू करते. गाय नाही, वासरू नाही."

इस्माईलनं कपाळावर हात मारला. "मशीन त हुशार केलं. पण लाइन गेल्यावर काय करायचं, थे त्याले शिकवलंच नाही."

राखीनं पदराखाली पोरीला घट्ट धरलं. "ताई, चमचा गेला असता पोटात त?"

"तान्ह्या जिवाले इतकं मीठ सोसत नाही. दूध कमी असन त उद्या दवाखान्यात जाऊ, दोघी संगंच."

दुसऱ्या दिवशी नर्सबाईनं राखीला बाळ कसं धरायचं ते दाखवलं, आणि आठवड्यात पोर पोटभर पिऊ लागली. भाऊसिंग लिंबं घेऊन गेला, तो किन्हीराजाकडं म्हणे पुन्हा नारळ उभे करतो.

इस्माईलनं मशीन नव्यानं बांधलं. लाइन गेली तरी वेळ लक्षात ठेवणारा, सेलवरचा टायमर. नळ्या दोन टोकांना, पाण्याच्या वर, म्हणजे पेटीतलं पाणी उलटं ओढलं जाणार नाही. आणि बाटल्या मुद्दाम लहान, चुकून सगळी सांडली तरी मासोळ्या जगाव्यात. मला म्हणाला, "नानाजी, चूक होणारच असं धरून बांधलं, त चूक लहान राह्यते."

तर मंडळी, एवढंच ध्यानात ठेवा. पांढरं दिसलं म्हणून दूध म्हणू नका. हात जोडायच्या आधी लिंबू पिळा, आणि समजलं नाही तर समजणाऱ्याला विचारा. कोणी गोष्ट रंगवून सांगितली म्हणून ती खरी होत नाही. मी भाऊसिंगाला पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. असल्या माणसाशी मी कधी एक शब्दही बोललो नाही.

राखी पोरीला थोपटत होती. मान वर न करता ती म्हणाली, "खोटं. एकच शिंग, थेच विहीर. लहानपणापासून ऐकली मी थे गाय, आबा. भाऊसिंगाच्या दावणीले थे तुमीच बांधून आले."