लालसूच्या नावाचा दगड

या मित्रांनो, जवळ सरका. कथा लहान आहे, पण एका आईची आहे, म्हणून शांतपणे ऐका.

मी एक जुना दगड आहे. कुरखेड्यापुढच्या रानात नाल्यात पडलो होतो. तेंदूची पानं तोडायला गेलेला लालसू पोलिसांच्या आणि रानातल्या बंदूकवाल्यांच्या गोळ्यांत सापडून मेला. इथे गेलेल्याच्या नावाने दगड उभा करतात. त्याच्या आईने, सोनीबाईने, मला डोक्यावरून गावच्या माळावर आणलं, उभं केलं, हळद लावली. त्या दिवसापासून मी लालसू झालो.

पुढे त्याच माळावर पोलिसांची पलटण उतरली. मी त्यांच्या छावणीच्या काटेरी तारेच्या आत राहिलो. आचारी निकेशला चुलीसाठी तीन दगड हवे होते. त्यातला एक मी झालो; त्याला बिचाऱ्याला काय माहीत! डाळ ढवळताना तो गोड गळ्याने अभंग म्हणायचा, आणि मी ते ऐकत काळा पडत गेलो.

यंदा पलटण हटवायची गावाशी बोलणी झाली. पलटणीचे साहेब म्हणाले, सगळे जातील, पण चार जवान आणि स्वयंपाकघर राहील. गाव थकलं होतं. चौघं तर चौघं, नाल्याची वाट तरी मोकळी होईल, असं बहुतेकांचं मत पडलं. एकटी सोनीबाई अडली, आणि एकाचाही नकार असला तर करार होणार नव्हता.

गावचे जाणते बापूजी म्हणाले, "बाई, एका दगडापायी अख्खी पलटण इथीच ठेवतं का?"

"माह्या पोराच्या डोक्यावर भात शिजून राह्यला, भाऊ. मी हो कशी म्हणू?"

पाणी भरायला आलेल्या निकेशने ते ऐकलं. त्याने चूल विझवली, मोडली आणि तिन्ही दगड तारेबाहेर आणून ठेवले. साहेब त्याच्यावर फार रागावले.

"यातला कोणता, मले सांगता येत नाई, माय," तो म्हणाला.

सोनीबाईने आम्हाला घासून घासून धुतलं. तिघंही सारखेच काळे. मला बोलता आलं असतं तर! शेवटी तिने तिघांनाही उभं केलं, तिघांनाही हळद लावली.

"बाकीचे दोघं कोणाचे?" बापूजींनी विचारलं.

"असतीन कोण्या मायचे. तुह्या संगतीचा कोणी गेला का रे, निकेश?"

निकेशने खाली बघत आपल्या मेलेल्या सोबत्याचं नाव घेतलं, "बिरजू."

निकेशची आता बदली झाली आहे. करार अजून अडलेलाच आहे, कारण तारेआड दुसऱ्या तीन दगडांवर नवी चूल पेटली आहे, आणि ते कोणाचे हे कळेपर्यंत सोनीबाई हो म्हणत नाही. मित्रांनो, रानातला दगड उचलण्याआधी कुणाला तरी विचारत जा, हा कोणाचा? आणि इथून गेलात तर लालसूची आठवण काढा. बिरजूचीही काढा. तिसऱ्याचं नाव अजून कुणी सांगितलेलं नाही, त्याचीही काढा.