डबाभर पाणी

आभाळ कोरडं, आड कोरडा, अन् सहा वर्षांच्या सोजरचे ओठही कोरडे. ऊस करपला तसं सहकारी कारखान्याचं धुराडं थंड पडलं; त्याचा दवाखाना तेवढा चालू होता. तिथल्या बाकड्यावर शिवकन्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी सासू मनकर्णा, पदराच्या गाठीत बिब्बा बांधून.

"डॉक्टरीण आपरेशन सांगंल बघ," म्हातारी म्हणाली. "त्यापरीस मी पोटाला बिब्ब्याचा डाग देते. घरी गेलो की चूल पेटव."

"आधी बघू तर द्या, आत्याबाई."

पोरीच्या पोटाला तेल लावताना एक गोळा शिवकन्याच्या बोटांना लागला होता, तेव्हापासून तिला घास उतरत नव्हता.

ताराबाई डॉक्टरणीनं पोरीला आत टेबलावर निजवलं अन् आपले हात चोळून ऊबदार केले. "पोटाला हात लावू का गं?" सोजरनं मान हलवली. बोटं बेंबीपासून डावीकडं उतरली अन् थांबली. डॉक्टरणीनं गोळा एका बोटानं हळूच दाबून धरला. पोरीला वळवून पाठीचा कणा खालपर्यंत पाहिला. तळव्याला गुदगुल्या केल्या. पाय झटकन आखडला. मग शिवकन्याचा हात पोरीच्या हातात दिला, गुडघे पोटाशी घ्यायला लावले अन् शीची जागा नुसती पाहिली. तिथं चीर पडली होती.

"ही गाठ नाही, बाई. ओल्या मातीत रुतावं तसं बोट रुततंय. मळ साचून घट्ट झालाय. सोजर, शी का धरून ठेवतेस?"

पोरीनं आजीकडं पाहिलं. "डबाभर पाणी जातंय. पाणी पिलं का लघवीला बी जावं लागतंय. आजी म्हणती, मी लई शहाणी हाय, पाणी मागत न्हाई."

टँकरच्या रांगेत म्हातारीनं हेच कवतिक बायाबायांना सांगितलं होतं. शिवकन्यानंही हसून मान डोलावली होती.

"अन् डाग दिला तर?" म्हातारीनं विचारलं.

"औषधानं मऊ होईल, चीर भरेल. पण पाणी पोटात गेलं पाहिजे. डाग दिलात तर कातडं भाजेल, मळ तिथंच राहील."

मनकर्णानं पदराची गाठ सोडली, बिब्बा खिडकीबाहेर टाकला अन् कोपऱ्यातल्या माठातून पेला भरून पोरीपुढं धरला. सोजरनं एक घोट घेतला, थांबली.

"राहिलेलं तुला ठिवू?"

"न्हाई गं बाई. समदं पी." म्हातारीनं तोंड भिंतीकडं वळवलं.

पेला रिता होईस्तोवर शिवकन्या एकेक घोट ऐकत राहिली.