खंडेनवमीची भट्टी

या, जरा जवळ सरका माउली. टाळ असू द्या बाजूला. आधी आमच्या देवपुरातल्या वनानानांची गोष्ट ऐका. देवाच्या नावानेच घडली, पण ऐकून देवाशीच भांडावंसं वाटेल.

"भट्टी काबरं बंद करी?" प्रयोगशाळेच्या दारातच नाना ओरडले. केस ओले, हातात झेंडूची माळ.

आत कॉलेजच्या ऑफिसातले रुपचंदभाऊ कुंकवाची वाटी घेऊन उभे. "नाना, खंडेनवमी शे ना आज. तुम्हीच त दरसाल सांगतस, यंत्रले एक दिवस इसावा द्यावा. मी बठ्ठं यंत्र पुसं, बटन पाडं, पूजा मांडी."

नाना विजेच्या मीटरकडे धावले, काटा शून्यावर होता.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं ते भट्टी सांभाळत होते. तापलेल्या क्षाराच्या रसात पांढरी भुकटी विरघळवून वीज सोडली, की तळाशी ॲल्युमिनियम जमतं. जुन्या पद्धतीत रसात सोडलेली कोळशाची कांडी जळत जाई. तो धूर नानांच्या छातीत कायमचा बसला. कीर्तनात ध्रुवपद धरलं की खोकला येई, मृदंगवाला थांबून राही.

तिथं संशोधन करणाऱ्या सोनल मॅडमनी न जळणारी कांडी घडवली. धूर नाही, नुसता प्राणवायू, तो एका नळीवाटे बाहेर येई. नाना नळीच्या तोंडाशी उदबत्ती धरत, ती लख्ख पेटली की म्हणत, "देखा मॅडम, भट्टी श्वास लेस!"

दोनशे तास अखंड टिकली तर कांडी खरी ठरणार होती. महिनाअखेर नाना निवृत्त होणार, त्याआधी त्यांना एवढंच बघायचं होतं. एकशे एकाहत्तर तास झाले होते. सकाळी आंघोळीपुरतं त्यांनी रुपचंदभाऊंना बसवलं. काट्याकडे लक्ष ठेवा म्हणाले. यंदा इसावा नाही, हे सांगायचं राहिलं.

मॅडम धावत आल्या. रस गोठून दगड झालेला, कांडी उभी तडकलेली.

"अहो नाना, एक वाक्य सांगायचं होतं त्यांना!"

"चुकनं, मॅडम."

"नवी कांडी यायला सहा महिने लागतील."



रुपचंदभाऊ रडकुंडीला आले. "माले शिव्या तरी द्या, नाना."

"काय शिव्या देऊ? मन्हीच शिकवन शे ती," नाना चिडून म्हणाले आणि छिन्नी-हातोडा घेऊन क्षार फोडायला बसले. मध्येच खोकला, मग पुन्हा घाव. दुपारी कांडीचे दोन तुकडे निघाले. मॅडमनी माप लावलं. जाडी केसभरही उतरली नव्हती.

"जळली नाही हो, नाना!"

"दिसस माले."

त्यांनी माळ भट्टीला घातली, उदबत्ती लावली आणि सवयीने नळीच्या तोंडाशी नेली. ती नुसतीच धुमसत राहिली. नानांनी थोडा वेळ ती तशीच धरली, मग पूजेत खोचली.

घ्या आता टाळ. आणि ध्रुवपद धरताना श्वास पुरला, तर आमच्या वनानानांची आठवण ठेवा.