माथ्यावर थांबलेली पिवळी मोटार

मित्रांनो, माझ्यासारख्या लांबुडक्या मोटारी टास्मानिया बेटावर आता फारशा उरलेल्या नाहीत. मी कारखान्यातून निघाले तेव्हा माझा पिवळा रंग लोक वळून वळून पाहत. आता दारांना गंज चढला आहे आणि माझा मालक क्लाइव्ह चारचौघांत मला ‘म्हातारी’ म्हणतो. म्हणेना का! त्याची मुलगी टिली जन्मली तेव्हा तिला घरी मीच आणले. ती आजारी पडली तेव्हा इस्पितळातही मीच नेले.

वर्षभर सुया टोचून घेऊन टिली बरी झाली. तेव्हा तिची आई ब्रॉनविन तिला म्हणाली, “तू एकही सुई चुकवली नाहीस, मी एकही चढ चुकवणार नाही.” त्या इस्पितळातल्या मुलांच्या मदतीसाठी चार दिवसांची सायकलफेरी निघणार होती. त्या फेरीत ब्रॉनविनने नाव घातले.

क्लाइव्ह आणि टिली पाणी, सँडविच, कोरडे मोजे घेऊन माझ्यातून पुढे जात आणि तिची वाट पाहत. सगळ्या सायकलींच्या मागून दमलेल्यांना उचलणारी एक व्हॅन येत असे. सगळे तिला झाडूगाडी म्हणत.

शेवटच्या दिवशी समोरून बोचरा वारा सुटला. घाटाच्या पायथ्याशी ब्रॉनविनचे पाय लटलटत होते. क्लाइव्हने माझे दार उघडले.

“ते दार लाव आधी!” ती ओरडली. “उघडं दिसलं तर मी बसेन. वर जाऊन थांबा.”

आम्ही माथ्यावर थांबलो. एकेक सायकल आली आणि गेली. ब्रॉनविनचा पत्ता नव्हता. मागच्या सीटवर टिली नखे खात काहीतरी पुटपुटत होती.

“काय गं?” क्लाइव्हने विचारले.

“आई गाडीत बसली तर माझं दुखणं परत येणार.”

“कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही. मीच ठरवलंय.”

क्लाइव्ह तिच्याशी बोलायला मागे वळला.

तेवढ्यात झाडूगाडी वर आली. तिच्या टपावर ब्रॉनविनची लाल सायकल होती. टिली पांढरीफटक पडली.

“चाक पार वाकलंय,” व्हॅन चालवणारी नोरीन खिडकीतून म्हणाली. “आणि तुझी बायको ऐकेल तर शपथ! बस, बस म्हणून माझा घसा सुकला. चालत येतेय.”

दूर खाली ब्रॉनविन दिसली. सायकलचे कडक तळाचे बूट हातात होते, पायांत नुसते मोजे, आणि एक मोजा रक्ताने लाल झाला होता. वारा तिला मागे लोटत होता.

टिलीने खिडकीतून तो मोजा पाहिला. मग म्हणाली, “बाबा, गाडी खाली घ्या.”

“अगं, पण तू ठरवलं होतंस ना?”

“माझं मी बघेन. तिचा पाय बघा ना!”

आम्ही खाली गेलो. टिलीने उतरून माझे दार दोन्ही हातांनी ओढून सताड उघडले.

“लाव ते!” ब्रॉनविन ओरडली.

“आई, बस. तू बसलीस तर माझं दुखणं परत येईल, असं मी ठरवलं होतं. पण मी बरी आहे.”

ब्रॉनविन बसली आणि लेकीला कुशीत घेऊन हुंदके देऊ लागली. टिलीने मनात काय ठरवले होते, ते तिला तेव्हाच कळले.

पुढच्या महिन्यात तपासणीला मीच त्यांना नेले. येताना टिली म्हणाली, “आई, तू बसलीस, तरी तपासणीत काही निघालं नाही.”

मित्रांनो, मोटारीला काय, तेलपाणी केलेत की ती पुरती समाधानी. पण भीती वाटली तर मनातल्या मनात अशा अटी घालून घेऊ नका. ती भीती कुणाला तरी सांगा. टिली आपली भीती चार दिवस एकटीच घेऊन बसली होती, अगदी माझ्या मागच्या सीटवर, आणि मला तिला काही विचारता आले नाही.